अंतरपाटावरचा अनुस्वार

विघ्ने हरणाऱ्या श्रीगजाननाला आणि अक्षरांची स्वामिनी असलेल्या शारदेला वंदन करून हे लेखन आरंभतो. निमित्त असे की, आमच्या नातीच्या विवाहाला येत्या माघात एक वर्ष पूर्ण होत आहे. त्या विवाहात वधूवरांमध्ये धरलेला जरीकामाचा अंतरपाट तिने आपल्या नव्या घरी जपून ठेवला आहे, आणि तो कसा तयार झाला हे मी लिहून द्यावे असा तिचा आग्रह आहे. "आजोबा, तुमची बाजू लिहा आणि आजीचीही लिहा," असे तिने फोनवर बजावले. दोन्ही लिहितो. त्यांतली माझी बाजू लंगडी आहे, हे प्रारंभीच मान्य करणे बरे.

आम्ही उभयतांनी कल्याणच्या एकाच शाळेत आयुष्यभर नोकरी केली. मी संस्कृत शिकवीत असे आणि पत्नी शिवणकाम. शाळांमध्ये 'तास मागून घेणे' नावाचा एक रिवाज असतो. परीक्षा जवळ आली आणि अभ्यासक्रम मागे राहिला की गणिताचे, शास्त्राचे, संस्कृतचे शिक्षक शिवणाचा तास मागून घेतात. 'मागून घेणे' हा केवळ शिष्टाचाराचा शब्द आहे. तो तास परत केल्याचे मी कधी पाहिले नाही. पत्नीचे तास सर्वांत अधिक मीच घेतले, कारण मला ते घरी सकाळच्या चहाच्या वेळी मागता येत.

"गुरुवारचा सहावा तास देशील का?" मी विचारीत असे.

"घ्या," ती म्हणे. "नाहीतरी मुली तुमच्या तासाला बाकाखाली माझे रुमालच भरतात."

ते खरे होते. धातुरूपे चालू असताना जप्त केलेले कितीतरी अर्धे भरलेले रुमाल मी शिक्षकखोलीत तिच्याच हाती देत असे आणि ती ते दुसऱ्या दिवशी त्या त्या मुलीला परत करीत असे. या कलेकडे मी कधी तुच्छतेने पाहिले, असे मला वाटत नाही. परंतु तिच्याकडे मी कधी नीट पाहिलेच नाही, हे मात्र आता कळते.

निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवलीस स्थिरावलो. मुलगा आणि सून ठाण्यात नौपाड्याला राहतात. नातीचा विवाह तिथल्याच एका कार्यालयात माघ महिन्यात करण्याचे ठरले, तेव्हा आषाढ चालू होता. त्याच आठवड्यात पत्नीने कपाटाच्या तळातून एक जुनी वही काढली. फार वर्षांपूर्वी शाळेची सहल एका वस्तुसंग्रहालयात गेली होती. तिथे हत्तीची एक जुनी, जरीकामाची झूल काचेआड ठेवलेली होती. मुली तलवारींपाशी गर्दी करून होत्या आणि ही त्या झुलीसमोर उभी राहून वहीत रेघोट्या काढीत होती, हे मला स्मरते. कारण बस खोळंबली म्हणून मीच तिला हाक मारायला गेलो होतो.

"या पद्धतीने मी अंतरपाट करणार आहे," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींकडून स्नेहसंमेलनाचे तक्तेच करून घेतले. हा माझा."

त्या जुन्या पद्धतीचे मर्म असे की, सोन्याच्या रंगाची जर कापडाच्या आरपार ओवीत नाहीत. ती कापडावर नुसती अंथरतात, दोन दोन तारा शेजारी शेजारी, आणि अतिशय बारीक पिवळ्या रेशमी टाक्यांनी जागच्या जागी बांधतात. अक्षर उठून दिसावे म्हणून खाली आधी जाड सुताचा भराव घालतात. जर केवळ वर नांदते. तिला धरून ठेवणारा दोरा मात्र जवळजवळ दिसत नाही. हे पत्नीने मला समजावले तेव्हा मी म्हणालो, "हा तर अन्वयाचा प्रकार झाला, शब्द दिसतात आणि त्यांना बांधणारा संबंध दिसत नाही." ती म्हणाली, "असेल," आणि रेशमाला मेण लावू लागली.

फिक्या पांढऱ्या रेशमावर मध्यभागी स्वस्तिक, दोन्ही बाजूंस आम्रपल्लवांचे कलश, भोवती वेल आणि खालच्या अंगाला 'शुभमंगल सावधान' ही अक्षरे, अशी तिने आखणी केली. जरीची पहिली गुंडी घेऊन आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आलो. दुपारच्या कसारा गाडीत बसायला जागा होती. देवाच्या पायांशी गुंडी ठेवून परत घेताना तिने ती पदराच्या टोकात धरली, हाताचा घाम जरीला लागू नये म्हणून. ही सावधगिरी मला तेव्हा अतिरेकी वाटली होती.

श्रावण आणि भाद्रपद या दोन महिन्यांत तिने वेल पुरी केली, स्वस्तिक आणि डावा कलश भरला, आणि अक्षरांना हात घातला. देवघराच्या शेजारी, पूर्वेच्या खिडकीशी लाकडी चौकट मांडलेली असे. माझी पूजा आटोपली की तिचे काम चालू होई. आश्विनात एका दुपारी तिने 'शुभ' संपवून 'म'ची काठी बांधली, त्याच्या डोक्यावर अनुस्वाराची सोनेरी टिकली लावली, आणि उरलेला दोरा तसाच सुईत ठेवून ती दळण आणायला खाली उतरली. जिना नुकताच पुसलेला होता. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले.

प्लास्टर सहा आठवडे राहिले. ते काढल्यावर मनगट सांधले होते, परंतु बोटांत पकड नव्हती. पोळी लाटता येत नव्हती. सुई तर दूरच राहिली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पुष्कळसे परत येईल, पण केव्हा ते सांगता येणार नाही. तिने डाव्या हाताने दोन टाके घालून पाहिले आणि लगेच उसवले. सून मनाने चांगली आहे, तिने नावे छापलेला एक तयार अंतरपाट मागवून ठेवला आणि फोनवर हळूच सांगितले, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हा असू दे हाताशी."

पत्नी "बरं," म्हणाली. नंतर चौकटीवर पांढरा पंचा टाकून ती खिडकीपासून दूर जाऊन बसली. इतकी वर्षे संसार झाला, पण तिला दुपारी रिकाम्या हाताने बसलेली मी तेव्हाच प्रथम पाहिली.

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर मी पंचा काढला आणि म्हणालो, "तू सांग. मी करतो."

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"शिकवशील तर येईल."

"तुमच्या वर्गात ढ मुलाला तुम्ही कुठे बसवत होता?"

"पहिल्या बाकावर."

"मग इथे बसा, माझ्या समोर. आणि आधी हात धुऊन या. गंध लागलंय बोटाला."

असा वृद्धापकाळी माझा नवा विद्यारंभ झाला. मूळ कापडाला हात लावू देण्यापूर्वी तिने मला आठ दिवस जुन्या चादरीच्या तुकड्यावर बसवले. पहिल्या दिवशी मी जर इतकी पिळली की तिचा सोनेरी वेढा सुटून आतला पिवळा गाभा उघडा पडला. दुसऱ्या दिवशी माझे टाके एकाखाली एक सरळ रांगेत आले आणि मला धन्यता वाटली. ती म्हणाली, "ही रांग शाळेतल्या प्रार्थनेची झाली. टाके विटांसारखे यायला हवेत. वरच्या ओळीतल्या दोन टाक्यांच्या मध्ये खालच्या ओळीतला एक." तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक टाक्याला एक नाम घेण्याचा संकल्प केला. नामात मन लागले आणि वीसएक टाके जरीला न धरता नुसतेच कापडात गेले.

"रामाला धरलंत आणि जर सोडलीत," ती म्हणाली. "एक काहीतरी करा."

मी नाम पूजेपुरते ठेवले. परंतु पुढे पुढे असे जाणवू लागले की, ज्या दुपारी टाके चांगले येतात, त्या दुपारी मन आपोआपच स्थिर असते. या विषयावर पत्नीचे मत निराळे आहे. तिच्या मते ज्या दुपारी मी तोंड बंद ठेवतो, त्या दुपारी टाके चांगले येतात.

मार्गशीर्षाच्या प्रारंभी तिने मला मूळ रेशमावर घेतले. उजवा कलश मी भरला. तो डाव्यापेक्षा किंचित फुगीर झाला आहे, हे जाणत्या नजरेला दिसेल. दर शनिवारी नात येत असे. तिने पहिल्यांदा मला चौकटीशी वाकलेले पाहिले तेव्हा चप्पल काढायचीही विसरली.

"आजी, तू आजोबांना कामाला लावलंयस?"

"लावलं नाही. ते स्वतः आले. प्रवेश दिला."

"फोटो काढू? ग्रुपवर टाकते."

"पुरं झाल्यावर टाक," पत्नी म्हणाली. "अर्ध्या कामाचा फोटो काढू नये."

तिच्या या वाक्यातली धास्ती मला ऐकू आली. लग्नाच्या आधी पंधरा दिवस अंतरपाट पुरा होऊन सुनेच्या हाती पडला नाही, तर तो मागवलेला धरायचा, असे ठरले होते. तसे पत्नीनेच सुचवले होते. सर्वांची सोय पाहणे हा तिचा स्वभाव आहे. परंतु रोज सकाळी ती हातात मऊ चेंडू दाबीत चौकटीपाशी येई आणि किती राहिले ते पाही, हे मी पाहत होतो.

पौष लागला आणि मी 'ग' या अक्षरापाशी आलो. आता माझ्या अपराधाचे वर्णन करणे प्राप्त आहे.

मंगल हा शब्द आपण मराठीत अनुस्वार देऊन लिहितो आणि त्यात दोष नाही. परंतु जन्मभर मी मुलांना शिकवले की, पुढे कवर्गातले व्यंजन असेल तर अनुस्वाराच्या जागी त्याच वर्गातले अनुनासिक, म्हणजे ङ्, लिहिणे हे संस्कृतात अधिक शोभिवंत आहे. शुभमङ्गल. कागदावर मी नेहमी तसेच लिहितो. आता तर हे अक्षर सोन्याच्या तारेत, विवाहासारख्या संस्कारात, देवाब्राह्मणांसमोर झळकणार होते. दोन दिवस तो ठिपका माझ्या डोळ्यांत खुपत राहिला. 'सावधान' शब्दाविषयीही मी पत्नीपाशी शंका काढली होती, कारण वधूवर दोघे असल्याने तिथे द्विवचन हवे. पण तेवढे मी सोडून दिले.

त्या दिवशी दुपारी पत्नी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात व्यायामासाठी गेली होती. मी कात्रीच्या टोकाने 'म'वरची टिकली उसवली. नंतर 'ग'साठी आखलेल्या जागेवर ङ् बांधला, त्याचा पाय मोडला, आणि ङच्या पोटाशी जो बिंदू लागतो तिथे तीच टिकली लावली, वाया जाऊ नये म्हणून. पुढची अक्षरे थोडी उजवीकडे सरकवली की झाले, असा माझा हिशेब होता. काम बरे उतरले होते. मी तिची वाट पाहत बसलो. सांगायचे तर प्रशंसेची वाट पाहत.

ती आली, चष्मा लावला आणि वाकली.

"माझी टिकली तुम्ही इकडे आणलीत," ती म्हणाली.

मी परसवर्णाचा, म्हणजे त्या ङ्चा, नियम सांगू लागलो. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. ती नेहमीच नीट ऐकते.

"तुमचं बरोबर असेल," ती म्हणाली. "पडायच्या आधी या हाताने लावलेली ती शेवटची होती. मी रोज तीच बघत होते, असं परत जमेल का म्हणून." आणि ती दूध तापवायला आत गेली.

मी चौकटीपुढे बसून राहिलो. शिवणाचे जितके तास मी मागून घेतले होते, त्या सर्वांत निदान मागण्याचा शिष्टाचार तरी होता. या वेळी मी विचारलेही नव्हते. मी आत गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं."

"चहात आलं घालू का?" तिने विचारले. ती रागावली असती तर सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नात आली, चौकटीवर वाकली आणि मोठ्याने वाचू लागली. "शुभ... मड... शुभमड?" तिने मान वळवली. "आजोबा, हे शुभमड काय असतं?"

"मङ्गल आहे ते," मी म्हणालो. "तो ङ् आहे."

"कुठला?"

"वाङ्मयातला."

"पण ड दिसतोय ना तो. बाजूला एक टिकली आहे, ती मला डिझाइन वाटली. आणि 'ग' तर अजून आलाच नाहीये, मग आत्ता नुसतं शुभमड आहे." तिने हसू दाबण्याचा प्रयत्न केला. "माझ्या लग्नात गुरुजी म्हणणार मंगल आणि लिहिलेलं असणार मडगल. सासरचे बघत बसतील. बाबांचे मित्र तर फोटोच काढतील."

स्वयंपाकघरातून एक आवाज आला. मला वाटले भांडे पडले. पत्नी ओट्याला टेकून, पदर तोंडाशी धरून हसत होती. गेल्या चोवीस तासांत ती प्रथमच हसली होती आणि ते इतके अनावर होते की नातही हसू लागली आणि शेवटी मलाही राहवेना. अक्षरशुद्धीचा माझा सारा अभिमान त्या एका 'मडगल'ने धुऊन निघाला. जे अक्षर वाचणाऱ्याला वाचता येत नाही, त्याची शुद्धता घेऊन काय करायचे, हे मला माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारले नव्हते.

"अगं, अजून ऐक," पत्नी डोळे पुसत नातीला म्हणाली, "ते 'सावधानौ' करायचं म्हणत होते."

"म्हणजे?"

"दोघं आहात म्हणून."

"मग आजी, तू त्यांना एकटं सोडूच नकोस ना."

ङ् उसवणे हे काम पत्नीने माझ्यावर सोपवले आणि शेजारी बसून राहिली. तारा सुटल्या, भराव सुटला, खाली सुईची छिद्रे दिसू लागली. रेशमाला उलट्या बाजूने वाफ देऊन, नखाच्या पाठीने हळूहळू घासायला तिने शिकवले, तशी बरीच छिद्रे मिटली. उरलेल्यांवर 'ग' येणारच होता. तो मी पुढच्या चार दिवसांत बांधला आणि त्यापुढे 'ल', आणि त्यापुढे 'सावधान', एकवचनातच.

खरी अडचण 'म'च्या डोक्यावर होती. टिकली उसवताना माझ्या कात्रीने तिथले रेशीम विरले होते. दोन उभे धागे तुटायच्या बेताला आले होते.

"इथे एकदाच सुई जाईल," पत्नी म्हणाली. "चुकली तर कापड फाटेल. मग मागवलेलाच धरायचा."

"तू सांगशील तसं मी अगदी..."

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "मी लावते."

सुनेला अंतरपाट द्यायला तीन दिवस उरले होते. मी तिला थांबवायला हवे होते, असे कोणी म्हणेल. तिची बोटे तोवर कपाची कडी धरू लागली होती, आणखी काही नाही. परंतु मी मनात श्रीगजाननाचे स्मरण केले आणि सुईत दोरा ओवून दिला. जुनी टिकली उसवताना वाकली होती. डबीतून नवी काढली.

जेवणे आटोपल्यावर ती बसली. टिकली लावणे म्हणजे सुई खालून वर आणायची, टिकलीच्या भोकातून काढायची, तीवर एक बारीक मणी ओवायचा, आणि सुई त्याच भोकातून परत खाली न्यायची. तिच्या एखाद्या विद्यार्थिनीने ते बोलता बोलता केले असते. पहिल्यांदा सुई तिच्या हातून गळाली आणि चौकटीखाली गेली. मी शोधून दिली. दुसऱ्यांदा मणी गळाला. मी दुसरा दिला. तिसऱ्यांदा बोटे थरथरली, तेव्हा तिने सुई खाली ठेवली, चेंडू हातात घेतला, शंभर वेळा दाबला आणि पुन्हा सुई उचलली.

"बोलत राहा काहीतरी," ती म्हणाली. "शांत बसलात की मला परीक्षेसारखं वाटतं."

"काय बोलू?"

"म्हणा काहीतरी पाठ असलेलं. अर्थ नको."

मी 'देव' शब्दाची रूपे चालवू लागलो. देवः देवौ देवाः. सप्तमीपर्यंत येईतो ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आले होते. ती खालच्या बाजूने सुईचे टोक कापडाला नुसते टेकवून वाट पाहत होती, धाग्याधाग्यांमधली जागा चाचपीत. संबोधनाशी मी थांबलो, कारण सुईचे टोक वर आले होते. टिकली बसली. मणी बसला. परत जाताना सुईने भोक सोडले नाही. तिने दोरा खाली ओढला तेव्हा रेशमातून अगदी लहानसा आवाज आला आणि मी वाकून पाहिले. फाटले नव्हते. गाठ तिने मला मारायला दिली.

मग ती मागे रेलली आणि चष्मा काढून उजव्या हाताकडे पाहू लागली.

"जरा उजवीकडे सरकला ना?" तिने विचारले.

सरकला होता. आधीचा बरोबर 'म'च्या माथ्यावर होता. हा 'ग'च्या दिशेने तिळभर झुकला होता.

"व्याकरणाला चालतो," मी म्हणालो.

"आता सगळंच चालायला लागलं तुम्हाला," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

तीन दिवसांनी आम्ही अंतरपाट घेऊन नौपाड्याला गेलो. सुनेने तो पलंगावर पसरला, दोन्ही हातांनी पत्नीचा उजवा हात धरला, आणि मागवलेला अंतरपाट खोक्यासकट कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. मग अक्षरांची बाजू कोणाकडे करायची यावर चर्चा झाली. उलट बाजूला नुसते अस्तर होते. मी म्हणालो, आपली मुलगी, आपले काम, तेव्हा वधूकडे असावी. सून म्हणाली, पाहुण्यांच्या मानाने वराकडे असावी. शेवटी सर्वांनी पत्नीकडे पाहिले.

"मुलाकडे करा," ती म्हणाली. "हिला काय, लहानपणापासून सगळे सावध राहा म्हणूनच सांगत आलेत. एकदा त्याला वाचू दे."

विवाहाच्या दिवशी तसेच झाले. दोघा गुरुजींनी अंतरपाट धरला. नवरा मुलगा हातात हार घेऊन त्याच्याकडे तोंड करून उभा होता आणि खरोखरच एकेक अक्षर वाचीत होता, असे मला वाटले. त्याच्या मागे त्याच्याकडची मंडळी माना उंचावून पाहत होती. कोणी 'मडगल' म्हणाले नाही. पत्नी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी होती. अक्षता तिने उजव्या मुठीत घेतल्या होत्या. मूठ पुरती मिटत नसल्याने प्रत्येक 'सावधान'ला निम्म्या अक्षता माझ्या खांद्यावर पडत होत्या आणि उरलेल्या वधूवरांपर्यंत पोचत होत्या.

मुहूर्ताची घटका भरली. अंतरपाट उत्तरेकडे ओढून घेतला गेला, वाजंत्री वाजू लागली, हार घातले गेले, सर्वांच्या नजरा नातीच्या मुखाकडे लागल्या. माझीही तिथेच असायला हवी होती. परंतु शेजारची खुर्ची एकाएकी रिकामी झाली. धाकटे गुरुजी, त्यांच्या रोजच्या सवयीने, अंतरपाटाची घडी घालू लागले होते. पहिली घडी नेमकी स्वस्तिकावरून जात होती आणि घडीत जर मोडते. पत्नी त्या गलबल्यातून वाट काढीत बोहल्याच्या कडेला पोचली होती.

"गुरुजी, द्या इकडे," ती म्हणाल्याचे मला वाजंत्रीतूनही ऐकू आले. "याची घडी घालायची नसते."

आणि मग, सनईच्या सुरात, अक्षतांच्या सड्यावर उभी राहून, तिने तो दोन्ही हातांनी सावकाश गुंडाळला. डावा हात आधार देत होता आणि उजवा फिरवीत होता.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, त्या मंगलमूर्तीची आपणांवर आणि आपल्या कुटुंबावर अखंड कृपा असो. आपल्या घरातल्या हातांना काम असो आणि कामाला यश असो. एकमेकांच्या चुका हसण्यावारी नेण्याइतके प्रेम नांदो. आपल्या दारी शुभकार्ये होवोत आणि त्या वेळी आपली सर्व वडीलधारी माणसे पहिल्या रांगेत बसलेली असोत. इति शुभम्.